एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे

मांडीचे हाड मोडलेल्या एखाद्या आजीबाईंवर शस्त्रक्रिया होते. त्यांना केव्हा उभे करावे हे भौतिकोपचारतज्ज्ञाला कळते. पाठीची कातडी लाल होऊ लागल्याचे परिचारिकेच्या आधी लक्षात येते. या गोष्टी शल्यविशारदापर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही आजी अंथरुणाला खिळू शकतात. मग ही मंडळी विद्यार्थिदशेतच एकत्र का शिकत नाहीत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या कृती-आराखड्याचा हाच विषय आहे. दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे, असे तो म्हणतो. व्याख्या नेमकी आहे. आमचा आक्षेप पुढच्या विधानाला आहे. सुमारे पन्नास वर्षांच्या अभ्यासातून या शिक्षणाच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा मिळाला, असा दावा आराखडा करतो. परंतु कॉक्रेनच्या काटेकोर समीक्षेत २००८ साली निकषांना उतरणारे अवघे सहा अभ्यास सापडले होते, २०१३ साली पंधरा. त्यांतल्या सात अभ्यासांत लाभ दिसला, चारांत संमिश्र परिणाम, चारांत काहीच फरक नाही. शिवाय बहुतेक अभ्यास विद्यार्थ्यांवरचे नसून नोकरीतल्या कर्मचाऱ्यांवरचे होते! पुरावा अपुरा म्हणजे कल्पना चुकीची, असे मात्र कोणी समजू नये. विद्यार्थ्याने वर्गात काय शिकले आणि काही वर्षांनी त्याच्या रुग्णाचे काय झाले, यांत इतकी कारणे येऊन मिसळतात की त्यांतले एक वेगळे काढणे फार कठीण.

आराखड्यापेक्षा आम्हांला स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाचा प्रयोग अधिक बोलका वाटतो. तेथे १९८६ पासून आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमाचा काही भाग सामाईक ठेवला गेला. १९९६ साली अस्थिव्यंगाच्या रुग्णांसाठी एक प्रशिक्षण-वॉर्ड सुरू झाला. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्या विद्यार्थ्यांनी देखरेखीखाली तो मिळून चालवायचा. रुग्णाची नित्याची शुश्रूषा सर्वांनीच करायची, भावी डॉक्टरांनीसुद्धा! ‘एकमेकांकडून’ या शब्दाला अर्थ येतो तो इथे.

आपल्याकडे वैद्यक, परिचर्या आणि औषधनिर्माण यांचे अभ्यासक्रम निरनिराळ्या यंत्रणा ठरवतात. वेळापत्रके जुळत नाहीत, परीक्षाही वेगळ्या. अशा वेळी तीनशे विद्यार्थी एका सभागृहात बसवून ‘सहकार्या’वर व्याख्यान देणे सर्वांत सोपे. त्यातून ‘सोबत’ साधते, ‘कडून’ राहून जाते.