विज्ञान शाखेतील एम.एस्सी. शोधप्रकल्प : नियोजन व पूर्तता – एक चिकित्सा

प्रास्ताविक :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी रचना लागू झाली. तीत शोधप्रकल्पास तिसऱ्या सत्रात 4 व चौथ्या सत्रात 6 श्रेयांक आहेत. एका श्रेयांकास 30 तास धरल्यास प्रकल्पाच्या वाट्यास 300 तास येतात. ही तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि वेळापत्रकात तास आले म्हणजे नियोजन झाले, असे नव्हे.

नियोजन :
नदीच्या पाण्यातील ऋतुमानानुसार होणारे बदल, हा रसायनशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांतील परिचित विषय. तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते. विषयनिश्चिती गणेशोत्सवानंतर झाली तर भर पावसातील नमुने हातचे जातात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी चौथे सत्र संपलेले असते. प्रबंधाचे शीर्षक मात्र बदलत नाही. रसायनांची मागणी व उपकरणावरील पाळी यांतही आठवडे जातात. म्हणून विषय, नमुनास्थळे व मापनपद्धती दुसऱ्या सत्राच्या अखेरीसच ठरणे आवश्यक आहे.

पूर्ततेचा निकष :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. परिणामी साम्य-तपासणीचा अहवाल जोडला की प्रबंध निर्दोष, अशी समजूत रूढ होऊ पाहते. परंतु संगणकप्रणाली शब्द ताडून पाहते, निरीक्षणे नव्हे. आलेखावरील बिंदू मोजलेले आहेत की बसविलेले, हे प्रयोगवहीच सांगू शकते. अपेक्षित निष्कर्ष न मिळणे म्हणजे अपयश, अशी परीक्षणाची दृष्टी असेल तर आकडे 'जुळविण्याचा' मोह विद्यार्थ्यास होणारच. त्या मोहाची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.

पृष्ठसंख्येचा आग्रहही असाच निराधार आहे. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन करून 1936 मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळविली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी सादर केलेला पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या 40 पृष्ठांचा होता. प्रश्न नेमका असला की विस्ताराची गरज उरत नाही.

निष्कर्ष :
एका मार्गदर्शकाकडे अनेक विद्यार्थी असताना प्रत्येक निरीक्षण तपासणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय प्रश्न लहान करणे हाच होय. दिनांक व स्वाक्षरीसह ठेवलेल्या प्रयोगवहीस स्वतंत्र गुण असावेत, तिसऱ्या सत्राअखेर कच्च्या नोंदींचे परीक्षण व्हावे आणि काटेकोरपणे मिळविलेला नकारात्मक निष्कर्षही पूर्ण गुणांस पात्र ठरावा. अन्यथा 10 श्रेयांकांच्या या तरतुदीतून संशोधक घडणार नाहीत. ग्रंथालयातील बांधीव प्रबंधांची संख्या तेवढी वाढेल.