पाह होमस्टेड: गढीच्या नावाचा बंगला

माउंट रॉस्किलला लागूनच हिल्सबरो रोडवर मोंटे सेसिलिया पार्क आहे. तिथल्या टेकडीवरचा मनोऱ्याचा बंगला, म्हणजे पाह होमस्टेड, तुमच्यापैकी ऑकलंडवाल्यांनी पाहिला असेलच. आत कलादालन आणि कॅफे. फोटो झकास येतात. पण हे घर नेमकं कोणाची गोष्ट सांगतं?

‘पाह’ हे ‘पा’ या माओरी शब्दाचं जुनं इंग्रजी रूप. पा म्हणजे तटबंदीची वस्ती, साधारण आपल्याकडची गढी. गढीवाले गेले, नाव आधी गोऱ्यांच्या शेतजमिनीला चिकटलं, मग बंगल्याला.

तो 1877 ते 1879 दरम्यान व्यापारी जेम्स विल्यमसनसाठी बांधला गेला. वास्तुरचना एडवर्ड महोनी यांच्या कंपनीची. शैली इटालियन, पण थेट इटलीतून आलेली नाही. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसनंतर असे मनोरे साम्राज्यभर प्रतिष्ठेचं लक्षण झाले होते. व्हरांडे मात्र ओळखीचे वाटतात. (तो शब्दही इंग्रजीत भारतातूनच गेला.) घर म्हणून हे देखणंच आहे. टेकडीचा उंचवटा, मनोरा, दुरून दिसेल असा दर्शनी भाग, सगळं एकाच कामाला जुंपलंय: मालक किती मोठा ते सांगायला.

मालकाला ते फार काळ लाभलं नाही. 1880च्या दशकातल्या मंदीत तो बुडाला आणि 1888 साली वारला. 1913 पासून घर सिस्टर्स ऑफ मर्सी या नन्सकडे आलं. इथे अनाथ मुलं राहिली, पुढे बेघर कुटुंबांनाही आसरा मिळाला. म्हणजे श्रीमंती दहाएक वर्षांची आणि आसऱ्याचा काळ कितीतरी मोठा. तरी छताच्या नक्षीकामाकडे मान वर केली की विल्यमसनच आठवतो. मुलांच्या खाटा कुठे होत्या, हे त्या भिंती सांगत नाहीत. मला या वास्तूचं हेच खटकतं. जतन करताना आपण थाट जपतो, वापर पुसतो. वाड्यांच्या बाबतीत आपलंही तेच: दिवाणखाना दाखवतात, मुदपाकखाना क्वचितच.

2010 मध्ये इथे कलासंग्राहक जेम्स वॉलेस यांच्या नावाचं केंद्र सुरू झालं. 2021 मध्ये लैंगिक गुन्ह्यांत ते दोषी ठरले आणि त्यांच्या ट्रस्टने नाव बदललं. पाटीवरचा दुसरा धनिकही गेला. ‘पाह’ तेवढं राहिलं, आणि गढी कोणाची होती हे कॅफेत बसलेल्यांपैकी फारसं कोणी विचारत नाही.