गणवेश, हलगी आणि आमचा कॅमेरा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एक गीतचित्रफीत तयार केली. गावातल्या एका बँडपथकाचे गाणे आणि त्यावर सव्वाचार मिनिटांचे चित्रण. स्नेहसंमेलनात ती दाखविली तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजविल्या. सहकाऱ्यांनी ‘अस्सल’, ‘मातीतली’ अशी विशेषणे वापरली. मार्गदर्शक म्हणून माझे नाव पडद्यावर आले तेव्हा मलाही बरे वाटले. आज त्या चित्रफितीविषयी लिहितो आहे ते तिचे कौतुक करण्यासाठी नव्हे. तिच्यात एक अन्याय आहे आणि तो माझ्या संमतीने झाला आहे, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

पथक अकरा माणसांचे. बहुतेक मातंग वस्तीतले, तीन बौद्ध तरुण. क्लॅरोनेट, दोन ट्रम्पेट, साईड ड्रम, ढोल, दोन हलग्या आणि चारचाकी गाड्यावर कर्ण्यांसह बसविलेला कीबोर्ड. लगीनसराईत सुपाऱ्या मिळतात. एरवी कुणी रंगकाम करतो, कुणी वीटभट्टीवर जातो. पितळी वाद्ये मेरठची. उत्तर प्रदेशातल्या त्या शहरातल्या जली कोठी भागात बनलेली वाद्ये देशभरच्या बँडवाल्यांच्या हातात असतात. आमच्या मास्तरांनी ती जुनी, दुसऱ्या पथकाकडून विकत घेतलेली. गाणे मात्र त्यांचे स्वतःचे. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. लोकांच्या वराती वाजवून मुलीच्या शाळेची फी भरणाऱ्या बापाचे ते गाणे आहे. दर १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला, म्हणजे बाबासाहेबांच्या आणि अण्णा भाऊंच्या जयंतीला, ते वाजते आणि वस्ती ते सोबत म्हणते.

चित्रणाच्या दिवशी पथक पूर्ण गणवेशात आले. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर फीत, पांढरी पँट, काळे बूट. विद्यार्थ्यांची तोंडे उतरली. त्यांनी ओढ्याकाठची पडकी भिंत निवडली होती, संध्याकाळचा उजेड निवडला होता. त्यांना हवी होती शेकोटीवर तापविली जाणारी कातड्याची हलगी. पथकाकडच्या दोन्ही हलग्या फायबरच्या. त्यांना शेक लागत नाही आणि पावसातही त्या उतरत नाहीत. मग पोरांनी कुणाच्या तरी माळ्यावरून कातड्याची जुनी हलगी शोधून आणली. मास्तरांना कोट काढायला सांगितले. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सर, ह्यो डरेस आमी हप्त्यानं शिवलाय. ह्याच्यावरच काढा की.’’ मी म्हणालो, ‘‘मास्तर, कॅमेऱ्यात तो खोटा वाटतो. साधेच बरे दिसेल.’’ मास्तरांनी कोट काढला, घडी घालून गाड्यावर ठेवला आणि बनियनवर वाजवायला उभे राहिले. बाकीच्यांनीही तेच केले.

‘खोटा वाटतो’ हे माझे शब्द मला आज टोचतात. खोटा कुणाला वाटतो? आणि खरे काय, हे ठरविणारा मी कोण?

हलगीचा इतिहास आपल्याला माहीत आहे. ज्यांनी ती वाजविली त्यांनी ती हौसेने वाजविली नाही. गावच्या देवाची पालखी, पाटलाची वरात, दवंडी, मयत, सगळीकडे ती वाजली पाहिजे असा गावाचा हुकूम होता. मोबदला म्हणजे बलुते, म्हणजे खळ्यावरचे पसाभर धान्य आणि पंगत उठल्यावरचे उष्टे. म्हणूनच १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडायला सांगितले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक गावांतल्या महारांनी येसकरकी, ढोरे ओढणे आणि मिरवणुकीत वाजविणे यांना नकार दिला. तो नकार फुकट मिळाला नाही; गावांनी बहिष्कार घातले. माझ्या आजोबांनी हलगी खाली ठेवली तेव्हा वर्षभर त्यांना गावात कुणी कामाला लावले नाही, असे आजी सांगत असे.

मातंग वस्तीतल्या ज्यांनी वाद्य सोडले नाही, त्यांच्यातल्या अनेकांनी वाजविण्याचा व्यवहार बदलला. बलुत्याच्या जागी सुपारी आली. सुपारीत आगाऊ रक्कम असते, तासांचा हिशेब असतो, नाही म्हणण्याचा हक्क असतो. गणवेश ही या बदलाची उघड खूण आहे. अंगावर लाल कोट असलेला माणूस गावाचा हक्काचा वाजंत्री राहत नाही, तो ठरल्या पैशाला कला विकणारा कलावंत असतो. त्या कोटाची कापडी झालर आम्हाला नकली दिसली. तिच्यामागचा दोन पिढ्यांचा प्रवास दिसला नाही. आम्ही मास्तरांचा कोट उतरविला आणि त्यांना सव्वाचार मिनिटांसाठी पुन्हा बलुत्यात नेऊन उभे केले. आणि त्याला ‘वास्तव’ म्हटले.

हे लक्षात आणून दिल्यावर एका विद्यार्थ्याने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. ‘‘सर, तुम्हीच आम्हाला ‘बलुतं’ शिकवता, ‘उपरा’ शिकवता. त्यांतही दारिद्र्यच आहे. मग आम्ही दाखविले तर का चुकले?’’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यायला हवे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली. त्यांतले दारिद्र्य हे साक्षीदाराचे निवेदन आहे. काय सांगायचे, किती सांगायचे, कुठे थांबायचे हे सांगणाऱ्याने ठरविले आहे. त्या सांगण्यात आरोप आहे आणि आरोपी समोर आहे. आमच्या चित्रफितीत आरोप कुणावर आहे? कुणावरच नाही. तिथे फाटका बनियन हा उजेडाला शोभणारा एक रंग आहे. वेदनेची साक्ष आणि वेदनेची सजावट यांत हा भेद आहे.

हा भेद केवळ जन्माने ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण इथे मार्गदर्शक मी होतो. चित्रफितीत एक दृश्य आहे. डोक्यावर ट्यूबलाईटचे झुंबर घेतलेली बाई, मागे अंधार, फक्त तिची बाह्याकृती. संकलनाच्या वेळी मी ते पाहून ‘उत्तम’ म्हणालो. माझी आई माझ्या लहानपणी लगीनसराईत हेच करीत असे. जनरेटरच्या गाड्याला वायरने जोडलेला दिवा डोक्यावर घेऊन ती वरातीच्या कडेने चालायची, आणि मी शाळेतल्या मुलांनी ओळखू नये म्हणून रस्त्याच्या पलीकडून चालायचो. त्या पैशांतून माझी पुस्तके आली. ते दृश्य पाहताना मला आई आठवली नाही, रचना दिसली. शिक्षणाने मला जे डोळे दिले त्यांत प्रस्थापितांची नजर कधी शिरली, मला कळले नाही. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. तो चित्रपट मी वर्गात दाखवितो. दगड माझ्याकडेही येत होता, हे मला उशिरा समजले.

परंपरेतले वाद्य आणि रूप हाती घेऊन त्यांचा अर्थ उलटा करता येतो, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा घाट ठेवला, आशय बदलला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिले. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या पथकाने पहिला जाहीर कार्यक्रम केला. अंत्ययात्रेशी जोडलेली गाना गीते आणि अस्पृश्यतेचे चिन्ह मानली गेलेली परई त्यांनी मंचावर आणली, आणि आणताना सगळे कलावंत एकसारख्या सुटात उभे राहिले. तो सूट आमच्या मास्तरांच्या लाल कोटाचा सख्खा भाऊ आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या अंगावर निळा सूट का असतो, हे ज्याला कळते त्याला हा कोट खोटा वाटू नये.

दुसरा अन्याय नावांचा. चित्रफितीच्या शेवटी दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, मार्गदर्शन अशी सगळी नावे आहेत. पथकासाठी एक ओळ आहे : ‘स्थानिक कलावंत’. गीताखाली लिहिले आहे : ‘पारंपरिक’. मास्तर जिवंत असताना, त्यांच्या तोंडून गाणे ऐकून आम्ही हे लिहिले. आपल्या माणसाने काही निर्माण केले की ते ‘लोक’चे होते आणि दुसऱ्याने केले की त्याचे होते, हा जुना व्यवहार आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे जगभर गेले. त्याचे शब्द अरिवूचे, श्रीलंकेतल्या चहामळ्यात राबलेल्या त्याच्या आजीच्या आठवणींतून आलेले. त्याच वर्षी एका संगीत नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर गायिका झळकली, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला तेव्हा चर्चा झाली. एवढ्या गाजलेल्या कवीची ही गत, तर तालुक्याच्या बँडमास्तरांचे काय?

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ३८-बी हे कलम आले. सादरीकरण करणाऱ्याला त्याचा कलावंत म्हणून नाव लावून घेण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क त्याने दिला. इतर हक्क विकले तरी हा हक्क उरतो. मी हे कलम प्रकल्पानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

चित्रफितीत चांगले काहीच नाही असे नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. क्लॅरोनेटवर फिरणाऱ्या म्हाताऱ्या बोटांचे दृश्य कुणाचीही कीव मागत नाही. सवर्ण घरांतली चार पोरे पहिल्यांदा त्या वस्तीत बसून जेवली, हेही मी कमी मानत नाही. पण वस्तीत भिंतीवर पांढरी चादर लावून आम्ही ती दाखविली, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘डरेस का न्हाई घातला?’’ मास्तर शेवटच्या ओळी संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘‘सर, माजं नाव कुटं हाय?’’ त्या दोन प्रश्नांत जेवढी समीक्षा होती तेवढी आमच्या विभागाच्या मूल्यमापन पत्रकात नव्हती.

आम्ही ती चित्रफीत यूट्यूबवरून काढून घेतली. नवी करायची असे ठरले. मी मास्तरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘आता लगीनसराई हाय, वेळ न्हाई. पुढं करू. पण सर, ह्या टायमाला सुपारी घ्यावी लागंल.’’ पहिल्या वेळी आम्ही त्यांना नाश्ता दिला होता, पैसे दिले नव्हते. प्रकल्पाला निधी नाही असे मीच सांगितले होते. या वेळी विद्यार्थ्यांनी आणि मी वर्गणी काढून आगाऊ रक्कम दिली. कागदावर तारीख लिहिली, गीतकार, संगीतकार आणि अकराही वादकांची नावे लिहिली आणि एक अट मास्तरांनी स्वतः सांगून लिहून घेतली : पथक गणवेशात असेल.

आज प्रत्येक महाविद्यालयात कॅमेरा आहे आणि प्रत्येक वस्तीत गाणे आहे. शिक्षक मित्रांनो, विद्यार्थ्यांना वस्तीत जरूर पाठवा. पण पाठविण्यापूर्वी त्यांना विचारा : चित्र कसे दिसावे हे तिथे कोण ठरविणार, आणि शेवटी नाव कुणाचे लागणार? मी विचारले नव्हते.