‘अवर टाउन’ आणि जात्यावरची ओवी

थॉर्नटन वाइल्डर यांचे ‘अवर टाउन’ हे नाटक १९३८ साली रंगभूमीवर आले व त्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. रंगमंचावर देखावा नाही. काही खुर्च्या, दोन टेबले, दोन शिड्या, आणि आपल्याकडील सूत्रधाराची आठवण करून देणारा एक निवेदक. गृहिणी शेंगा निवडतात त्याही अभिनयानेच. हातात शेंग नसते. वस्तू काढून घेतल्यामुळे उरते ती केवळ कृती, आणि नित्याची कृती हाच या नाटकाचा विषय होय.

दुसऱ्या अंकातील प्रेमही याच पातळीवरचे आहे. शेजारी राहणारी एमिली आणि जॉर्ज यांची मने जुळतात ती एका दुकानात, आइस्क्रीम सोड्याचा पेला समोर असताना. तेथे मोठे शब्द नाहीत; तिने त्याला गर्विष्ठपणाबद्दल बोल लावला आहे व त्याला तो पटला आहे, एवढेच. हे प्रेम स्वभाव सुधारण्याच्या एका साध्या कबुलीतून उगवते.

तिसऱ्या अंकात, १९१३ साली, एमिली बाळंतपणात मरण पावलेली आहे. ती आपल्या बाराव्या वाढदिवसाकडे परत जाते. आई स्वयंपाकात गुंतलेली असते. मुलीकडे ती क्षणभरही थांबून पाहत नाही. एमिलीला हे साहवत नाही. जगत असताना जीवनाचे मोल कोणास उमगते काय, या तिच्या प्रश्नास निवेदक नकार देतो. अपवाद करतो तो फक्त संतांचा व कवींचा.

हा नकार आपण जसाच्या तसा स्वीकारावा काय? येथे बीड जिल्ह्यातील माजलगावचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्याही आहेत. पहाटे दळताना गायिल्या जाणाऱ्या ओवीत आई, भाऊ, लेकरू, माहेरची वाट हेच विषय असतात. भीमनगरच्या स्त्रिया त्याच गोतावळ्यात डॉ. आंबेडकरांनाही बसवितात. म्हणजे ज्या क्षणी हात श्रम करीत असतो त्याच क्षणी मुख त्या जीवनाचे मोल सांगत असते. वाइल्डरच्या गृहिणी मात्र कामाच्या वेळी गप्पा मारतात, पण त्या जीवनाचे मोल सांगत नाहीत.

हा भेद केवळ स्वभावाचा नव्हे. एमिलीचे सासर गावालगतच्या शेतावर आहे. लग्नाच्या दिवशी ती घाबरून बापाला बिलगते खरी, परंतु तिचे माहेर तिला अंतरत नाही. त्यामुळे तिला दूर नेऊन मागे वळून पाहावयास लावणारे मरणच शिल्लक उरते. मराठी स्त्रीस हे अंतर विवाहच निर्माण करून देतो. माहेर सुटते म्हणून ते दिसू लागते. मृत्यूवाचून दृष्टी नाही हा वाइल्डरचा निष्कर्ष त्याच्या स्थिर, एकजिनसी गावाचा निष्कर्ष आहे. त्या गावातही रेल्वेरुळांपलीकडे पोलिश कुटुंबे राहतात. परंतु ती रंगमंचावर येत नाहीत, त्यांची केवळ वार्ता येते. भीमनगरची स्त्री मात्र स्वतःच्या वस्तीचे निवेदन स्वतः करते.

यावरून वाइल्डर खोटा ठरतो असे मात्र म्हणता येणार नाही. त्याने संत व कवी यांना वगळले आहे, आणि आपल्या परंपरेत ही दोन्ही पदे जात्यापाशी एकत्र आलेली आहेत. माजलगावपासून फार दूर नसलेल्या गंगाखेडची जनाबाई त्याची साक्ष आहे. तथापि वाइल्डरला जो अपवाद विरळा वाटला तो येथे घराघरांतून पहाटे घडत होता. पिठाच्या गिरणीने बाईचे कष्ट हलके केले हे इष्टच झाले. पण तिच्या मुखातील ओवी त्याबरोबर मावळली. आता कामाच्या वेळीच त्या कामाचे मोल सांगणारी वाणी आपणास कोठून मिळणार, हा प्रश्न एमिलीच्या प्रश्नाइतकाच आपला आहे.