गीतरूप आणि समाज : अमेरिकन ज्यू गीतकार व बेने इस्राएल कीर्तन

एखाद्या अल्पसंख्य समाजाने बहुसंख्यांच्या संगीतावर 'प्रभाव' पाडला, असे विधान वाङ्मयाच्या व कलांच्या इतिहासात वारंवार आढळते. अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या संदर्भात तर ते रूढच झाले आहे. अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, जॉर्ज व आयरा गर्श्विन, हॅरल्ड आर्लेन ही नावे घेतली की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन गीताचा मोठा भाग डोळ्यांपुढे येतो आणि ही सर्व नावे ज्यूंची आहेत. तथापि प्रभाव म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ह्याचे एक प्रचलित उत्तर असे की, सिनॅगॉगमधील प्रार्थनेचे सूर ह्या गीतकारांच्या द्वारे अमेरिकन गीतात उतरले. बर्लिन व आर्लेन ह्या दोघांचेही वडील सिनॅगॉगमधील प्रार्थनागायक होते, हे ह्या मताला अनुकूल आहे. परंतु रचनांकडे पाहता निराळेच चित्र दिसते. रशियन साम्राज्यात १८८८ साली जन्मलेल्या आणि बालपणीच न्यूयॉर्कला आलेल्या बर्लिन ह्यांचे 'व्हाइट ख्रिसमस' (१९४२) हे सर्वांत गाजलेले गीत ख्रिस्ती सणाचे आहे. गर्श्विन ह्यांच्या 'पोर्गी अँड बेस' (१९३५) ह्या संगीतिकेतील जीवन दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे आहे. येथे पित्याकडून आलेल्या सुरापेक्षा परक्या रूपावरील प्रभुत्व अधिक निर्णायक ठरते. त्याचे कारणही बरेचसे व्यवहारातले होते. छापील गीतांचा, रंगभूमीचा व पुढे बोलपटाचा धंदा नवा होता. जुन्या प्रतिष्ठित व्यवसायांप्रमाणे त्याची दारे नवागतांना बंद नव्हती.

हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव त्यांना पडले आणि पेणकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सन ह्यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले (१८३२). मराठी बायबलही हाती आले. त्यामुळे पूर्वजांच्या कथा ह्या समाजाला स्वभाषेत वाचता येऊ लागल्या. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएल मंडळींनी त्या कथा सांगण्यासाठी कीर्तनाचे रूप स्वीकारले. अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने साकी, दिंडी, पदे ह्यांतून गायिली जाऊ लागली.

ह्या रूपाची मीमांसा ज्यांनी केली, ते समर्थ रामदास जालना जिल्ह्यातील जांबचे. तेथे १६०८ साली त्यांचा जन्म झाला. दासबोधाच्या चौथ्या दशकात त्यांनी नवविधा भक्तीच्या विवेचनात कीर्तनाचा विचार केला आणि चौदाव्या दशकात त्याची लक्षणे सांगितली. रामदासांचे कीर्तन सगुणाच्या कथेवर उभे आहे. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या समाजाने तेच रूप उचलले, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. देवाचे रूपवर्णन वगळले, तरी पूर्वजांचे चरित्र, मधली पदे आणि निरूपण ह्यांवर कीर्तन उभे राहिले. कीर्तनाचा प्राण विशिष्ट दैवतात नसून कथा, गान व बोध ह्यांच्या परस्परसंबंधात आहे, असा निष्कर्ष ह्यावरून काढता येतो. मराठी कीर्तनाच्या शास्त्राला ह्या समाजाने दिलेले हे मोलाचे प्रमाण होय.

ह्या रचनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बोध हाच त्यांचा प्रधान हेतू होता आणि श्रोता आपल्याच समाजातला होता. बर्लिन ह्यांनी बहुसंख्यांच्या रूपात बहुसंख्यांचेच विषय बहुसंख्यांसाठी गायिले. बेने इस्राएल कीर्तनकारांनी त्याच प्रकारे परके रूप घेतले, पण विषय व श्रोते स्वतःचे ठेवले. बाहेरच्या बाजारपेठेची वाट जोसेफ डेव्हिड पेणकर ह्यांनी धरली. पारशी रंगभूमीसाठी नाटके लिहिणाऱ्या ह्या बेने इस्राएल लेखकाच्या नाटकावरून 'आलम आरा' (१९३१) हा भारताचा पहिला बोलपट निघाला आणि त्यातील सात गाण्यांनी हिंदी चित्रपटगीताचा आरंभ झाला. अमेरिकन उदाहरणाशी खरे साम्य येथे आहे, कारण येथेही धंदा नवा होता. मात्र ही वाट मराठीतून गेली नाही.

परिणामी मराठी वाङ्मयेतिहासात ह्या समाजाला जागा उरली नाही. बाजारात गाजले ते मराठी नव्हते आणि मराठीत होते ते बाजारात आले नाही. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. प्रभाव केवळ लोकप्रियतेने मोजला, तर बेने इस्राएल कीर्तन नगण्य ठरेल. परंतु एखाद्या रूपाची शक्ती ते परक्या हाती गेल्यावर कळते, हे मान्य केले, तर ही आख्याने तळटीपेत टाकण्याजोगी नाहीत. दासबोधातील कीर्तनलक्षणांचा अभ्यास त्यांच्यावाचून अपुरा राहतो.