काळ्या रंगाचा निवाडा

सौंदर्य म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेत बहुधा आकृतीचा प्रश्न म्हणून मांडला गेला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांत त्याचे उत्तर शोधले. पण नियम कोणते, याच्या आधी निवाडा कोणाचा, हे विचारावे लागते. दलित साहित्याने ते विचारले. एका कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने तोच प्रश्न रंगांतून विचारला आहे.

केरी जेम्स मार्शल यांचा जन्म १९५५ साली अलाबामातील बर्मिंगहॅमचा. याच शहरात १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये घडविलेल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. मार्शल यांचे ‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’ (२०१२) हे भव्य चित्र आज तिथल्याच संग्रहालयात आहे. चित्रात कृष्णवर्णीय वस्तीतले केशभूषागृह आहे. स्त्रिया ऐटीत उभ्या आहेत. त्यांचा वर्ण तपकिरी करून सौम्य केलेला नाही. तो निखळ काळा आहे आणि त्या काळ्यातच अनेक छटा आहेत.

पण जमिनीलगत एक विचित्र, ताणलेला आकार तरंगतो. बाजूने पाहिले की कळते, ती डिस्नेच्या बोलपटातली सोनेरी केसांची निद्रिस्त राजकन्या. होल्बाइनच्या ‘द अ‍ॅम्बॅसडर्स’ (१५३३) या चित्रात नेमकी अशीच तिरकस कवटी आहे. वैभवाच्या मध्यभागी मृत्यू बसला आहे, हा तिचा अर्थ. मार्शल यांनी कवटीच्या जागी गोरी राजकन्या ठेवली. म्हणजे काळ्या जीवनातला मृत्यू कोणता, हे एका संदर्भाने सांगून टाकले. मोठी माणसे तिच्याकडे लक्षही देत नाहीत. एक लहान मूल मात्र वाकून तिला निरखते आहे. चित्रातला खरा धोका इथे आहे.

होल्बाइन ठाऊक नसलेल्याला हे चित्र बंदच राहणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धाच खरा आहे. कवटी ओळखायला शिक्षण लागते. त्या स्त्रियांचा ताठ कणा ओळखायला लागत नाही. शिवाय ज्या परंपरेने आपल्याला दाराबाहेर ठेवले, तिचीच हत्यारे हाती घेऊन तिला जाब विचारणे, हाही विद्रोहच. केवळ नकार देऊन प्रस्थापितांचा मानदंड मोडत नाही. त्याच्या शेजारी आपले माप उभे करावे लागते.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. ते नाते केवळ घोषणेचे नव्हते. आजही आपल्या घरांत ‘मुलगी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे’ असे म्हणतात. चळवळीतल्या घरांतही म्हणतात. या ‘तरी’मध्ये ती गोरी राजकन्या निजली आहे. मोठ्यांना ती दिसेनाशी झाली आहे. ते ऐकणाऱ्या पोरीला मात्र ती रोज दिसते. सौंदर्यशास्त्राची चर्चा त्या पोरीपासून सुरू झाली पाहिजे.