‘अवेकनिंग्ज’मधली फरशी

पेनी मार्शल यांचा ‘अवेकनिंग्ज’ (१९९०) हा चित्रपट ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९७३ सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. वर्षानुवर्षे निश्चल असलेले रुग्ण एल-डोपा या औषधाने जागे होतात, ही त्याची कथा. आमच्या मते मात्र त्यातले सर्वांत चांगले विज्ञान औषध येण्याआधीच्या एका छोट्या प्रसंगात आहे.

लुसी ही रुग्ण चालू लागते आणि दालनात मध्येच थिजते. फरशीवरची नक्षी तिथे संपलेली असते. उरलेली फरशी तशीच रंगवल्यावर ती थेट खिडकीपाशी पोचते.

हा कल्पनाविलास नव्हे. पावलाच्या अंतराने आडव्या रेघा आखल्या तर असे रुग्ण चालू शकतात, हे डॉ. पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालीच नोंदवले होते. एरवी आपण प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाच्या मदतीने ते आपोआप पडते. कंपवातात डोपामीन कमी पडून हा आपोआपपणा बिघडतो. समोर रेघ असली की ‘ही ओलांडायची’ असे नेमके उद्दिष्ट मिळते आणि डोळ्यांच्या माहितीवर चालणारा मेंदूतला दुसरा मार्ग कामी येतो, असे मानले जाते.

चित्रपटाची उणीव ही, की एवढे दाखवून तो फरशी विसरतो. रंगवलेली नक्षी म्हणजे एक गंमत आणि खरा इलाज औषधच, असा प्रेक्षकाचा समज होतो. शिवाय हे रुग्ण एन्सेफलायटिस लेथार्जिकाच्या साथीतून वाचलेले होते. नेहमी आढळणारा कंपवात त्याहून वेगळा. रेघांचा उपयोग मात्र त्यातही होतो, कारण औषध चालू असूनही अनेकांचे पाय थिजतात. नेदरलँड्समध्ये पुढे लेझरची रेघ टाकणारे बूट १९ रुग्णांना घालून पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषधाचा अंमल नसताना थिजण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी घटले. अर्थात रेघेने रोग बरा होत नाही, आणि ती प्रत्येकाला उपयोगी पडतेच असेही नाही.

शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात जरूर दाखवावा आणि रेघ आडवीच का, हे मुलांना विचारावे. घरातले आजोबा दारात थबकले तर तो हट्ट नव्हे, त्यांना ओढू नये, एवढे जरी मुलांना उमगले तरी चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले.